आईने बाबांच्या बस घासल्या

ग्रुपवरच्या मॉडेलवाल्यांनो, हे तुम्हालाच कळेल.

उद्या बाबांचं वर्षश्राद्ध, म्हणून आज सकाळी रत्नागिरीला घरी आलो. बाबा जहाजावर नोकरीला होते. इंग्लंडहून आणलेली जुन्या ब्रिटिश कोचबसची छोटी धातूची मॉडेलं त्यांनी काचेच्या कपाटात ठेवली होती. किल्ली कायम त्यांच्या खिशात.

आईने ती सगळी देवाच्या भांड्यांसारखी चिंच लावून नारळाच्या शेंडीने घासली होती. रंग गेला, बारीक अक्षरं गेली. अंगणात उन्हात नुसत्या करड्या बस ओळीने वाळत होत्या.

मी एक उचलून बघितली. राग आला नाही, रडूही आलं नाही.

आई म्हणाली, "त्यांनी कधी हात लावू दिलानी नाही रे. लग्नापासून आज पहिल्यांदा हातात घेतल्या."

"लख्ख झाल्यात," मी म्हणालो.

तुमच्या कपाटाची किल्ली घरात कोणाकडे असते?