किल्लेदाराची बायको

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी नाही. देवापुढं हात जोडून उभी राहते, तर तिथंही दुसरंच काहीतरी मागून परत येते. आज तुम्हाला का सांगतेय, ते मलाही नीट माहीत नाही. बसा जरा. सरळ मुद्द्यावर मला येता यायचं नाही, आडवळणानंच जाईन, कंटाळू नका.

अंबडमध्ये आमच्या ओळखीत माझं एक नाव आहे — सासऱ्यांना पुस्तकं वाचून दाखवणारी सून. लग्नकार्यात बायका आपापल्या सुनांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "बघ, शिक काही." मी पदर सारखा करते आणि हसते.

माझं माहेर पिंपळगाव रेणुकाई. शेतकऱ्याचं घर. घरात छापील म्हणून काय, तर पंचांग, देवीच्या आरत्या आणि आमची शाळेची पुस्तकं, तीही पुढच्या वर्षी चुलत भावाकडे जायची. बारावी झाले, लग्न होऊन अंबडला आले. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात आम्ही दोघं आणि माझे सासरे, आबा. कोर्टातून नाझर म्हणून, म्हणजे बेलिफ-शिपायांना कामं वाटून देणारे साहेब म्हणून, निवृत्त झालेले, ताठ, कमी बोलणारे. आणि पुढच्या खोलीत त्यांचं लोखंडी कपाट, पुस्तकांनी ठासून भरलेलं. वरच्या फळ्यांवर इतिहास, मधे कादंबऱ्या, अगदी खाली आमच्या ह्यांच्या लहानपणीची गोष्टींची पुस्तकं, रंगीत चित्रांची, कोपरे उंदरांनी खाल्लेली. पहिल्यांदा कपाट उघडलं तेव्हा मनात काय आलं सांगू? बाप रे, एवढं सगळं पुसायचं कुणी!

पुढं काचबिंदूनं आबांचे डोळे गेले. आधी कडेकडेनं, मंग सगळंच. हे सकाळी गाडीला किक मारून जालन्याला जायचे, एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत, ते संध्याकाळीच उगवायचे. एका दुपारी भांडी आवरून आले तर आबा कपाटासमोर उभे, पुस्तकांच्या पाठींवरून बोटं फिरवत. मला म्हणाले, "मंदा, तुला टाइम असंल तर... थोडं वाचतीस का?" ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना कामं सांगितली, त्यानं इतकं चाचरत विचारावं! मी लगेच हो म्हटलं. तेव्हा मन अगदी साफ होतं माझं, एवढं तरी खरं माना.

सुरुवातीला शाळेत धडा वाचावा तशी वाचायचे, ठेचकाळत. आबा हसायचे नाहीत. मंग एकदा एक कादंबरी घेतली आणि — काय सांगू — त्यातली बाई घर सोडून एसटी स्टँडवर येऊन बसते, तिथं आबा म्हणाले, "बास आज." बास? माझा जीव तिथंच अडकलेला. संध्याकाळी स्वयंपाकघरात एका हातानं पुस्तक धरून उभी राहिले आणि वांगी पार करपवली. ह्यांनी विचारलं तर म्हटलं, गॅस मोठा राहिला. गोष्टींची पुस्तकं वाचताना तर आम्ही सासरा-सून पोट धरून हसायचो. कुणी बाहेरून ऐकलं असतं तर म्हणालं असतं, ह्यांना काय झालं! त्या कपाटात इतकं काही आहे आणि मी ते फडक्यानं नुसतं पुसत होते, याचा मलाच राग यायचा.

पण इतिहास? इतिहास मला बिलकुल आवडला नाही. नावं, सनावळ्या, कुणाची कुणाला पत्रं, तळटीपा. आणि आबांचा जीव नेमका तिथं. कारण काय, तर संध्याकाळी ते काठी टेकत कोर्टासमोरच्या चहाच्या हॉटेलात जायचे. तिथं निवृत्त मंडळी जमायची — एकदोन वकील, शाळेतले पाठक सर, असे चारसहा जण. दुपारी ऐकलेलं आबा तिथं सांगायचे. वाद झाला की लोक म्हणायचे, नाझरसाहेबांना विचारा. डोळे गेल्यावर घरात त्यांना ताटातली वाटीसुद्धा कुठं आहे ते सांगावं लागायचं. त्या हॉटेलात मात्र ते पहिले आबाच होते. आणि हे मला माहीत होतं. नीट माहीत होतं.

तर त्या दिवसांत एका किल्ल्याच्या वेढ्याचं जाडजूड पुस्तक चालू होतं, आणि माझी एक कादंबरी अर्ध्यात. आबांना डुलकी लागली की मी ती उघडायचे. मंग वाचन लवकर आटपून त्यांना डुलकी लागावी म्हणून — हो, म्हणूनच — मी पानं गाळायला लागले. आधी तळटीपा. मंग पत्रं. मंग चक्क प्रकरणाचं प्रकरण. आबांचं डोकं तल्लख, लगेच विचारायचे, "मधलं काही राह्यलं का गं?" एकदा असंच विचारलं, आणि मागं जाऊन शोधायचा कंटाळा आला म्हणून मी मनचंच जोडून दिलं. म्हटलं, किल्लेदाराची बायको होती ना आबा, तिनं तटावरून दोर सोडून ज्वारीची पोती वर ओढून घेतली, म्हणून किल्ला तगला.

आबा उठून बसले. "बाईनं? आन् पुढं?"

आता पुढं काय! पुढं दुसऱ्या दिवशी मी आणखी जोडलं. तिनं दागिने मोडले, उपाशी शिपायांना आपल्या हातानं भाकरी वाढल्या, नवऱ्याला चार शब्द सुनावले. पुस्तक मांडीवर उघडं, आणि मी भिंतीकडे बघून बोलतेय. मला मजा यायला लागली होती हो. ही बाई माझी होती, मी केलेली. आबांना ती इतकी आवडली की म्हणाले, "एवढी मोठी बाई आन् आपल्याला नावबी ठावं न्हाई." नाव मी दिलं नाही. तेवढी हुशारी होती माझ्यात.

आबांनी ती हॉटेलात सांगितली. रोज थोडी थोडी, रंगवून. पाठक सरांना इतकी भावली की त्यांनी वाचनालयातून तेच पुस्तक घरी नेलं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि एका संध्याकाळी ते हॉटेलात घेऊनच आले. "नाझरसाहेब, कोणत्या पानावर हाय ती बाई? मला तर घावली न्हाई." पुस्तकात तर किल्लेदारानं रयतेची उपासमार बघवेना म्हणून स्वतः दरवाजे उघडून दिले होते. बायकोचं अवाक्षर नाही. आबा म्हणाले, हाय, नीट बघा. सगळ्यांनी पानं उलटली. मंग हसणं सुरू झालं. कुणी वाईट माणसं नव्हती ती, मित्रच होते. पण चेष्टा म्हटली की माणूस थांबतो का? "काय नाझरसाहेब, किल्लेदारीण सपनात आल्ती का काय!"

हे सगळं मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी एवढंच दिसलं की आबा रोजच्यापेक्षा लवकर आले, चप्पल न काढताच आत आले. हे नुकतेच कामावरून येऊन चहा पीत बसलेले. आबांनी माझ्या दिशेनं तोंड केलं आणि विचारलं, "मंदा, ती किल्लेदाराची बायको... पुस्तकात हाय ना गं?"

तुम्ही काय केलं असतं? जाऊ द्या, तुमचं काय काढते मी. मी काय केलं ते सांगते. मी ह्यांच्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं, आणि म्हटलं, "कोणती बाई, आबा?"

आवाजही हलला नाही माझा. वर म्हटलं, मी असं काही वाचलेलं मला तर आठवत नाही.

आबा हळूच म्हणाले, "मंग माझ्या डोक्यात कुठून आली?" आणि हे — माझा नवरा — त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघायला लागले ना, ती नजर आबांना दिसली नाही, तेवढंच बरं. मला दिसली. तेव्हाही मी कपबशा उचलून आत गेले.

त्याच आठवड्यात ह्यांनी आबांना जालन्याला डॉक्टरकडे नेलं. वयानं होतं असं, डॉक्टर म्हणाले, गोळ्या दिल्या. एकट्याला बाहेर सोडू नका, असंही सांगितलं. हॉटेल सुटलं. पाठक सर दोनदा भेटायला आले, त्यांना फार वाईट वाटलं होतं, पण आबांनी आतूनच सांगायला लावलं की झोपलेत. मला म्हणाले, "काही उलटंसुलटं बोलून जाईन मी." बँकेच्या कागदावर सही करताना ह्यांना तीन-तीनदा विचारायचे, मी आधी केली तर न्हाई ना? देवाला दिवा लावला की नाही याचीही त्यांना खात्री वाटेना. माणूस धडधाकट होता हो! कान, बुद्धी, स्मरण, सगळं जागच्या जागी. त्याला मी एका वाक्यानं वेडं ठरवलं, आणि तो मुकाट्यानं ठरला, कारण सून खोटं बोलेल हे त्याच्या मनातसुद्धा येईना.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, घाबरून निघून गेलं असेल तोंडातून. मीही कित्येक वर्षं स्वतःला हेच सांगितलं. घाबरले होते, नवी होते, घरातली कामं होती. पण जे सांगायला बसले ते हे नव्हतंच. सांगायचं ते पुढं आहे.

आबांनी इतिहास सोडला. म्हणाले, "मोठं काही डोक्यात ऱ्हात न्हाई आता. लेकरांच्या गोष्टी वाच." मंग मी खालच्या फळीवरची पुस्तकं काढली, आणि आता मात्र एक अक्षर गाळत नव्हते. वाचून झालं की आबा म्हणायचे, थांब. आणि ती गोष्ट मला परत सांगायचे, पहिल्यापासून. संपली की विचारायचे, "बराबर?" शाळेतलं पोर बाईंना विचारतं तसं. मी म्हणायचे, बराबर. त्यांचा चेहरा उजळायचा. रोज एक गोष्ट, रोज बराबर. हळूहळू त्यांची पाठ सरळ व्हायला लागली. जेवताना ह्यांच्याशी दोन शब्द बोलायला लागले. मला वाटलं, चला, सावरतंय सगळं, आपल्याला काही बोलायची गरजच पडणार नाही.

आणि एका दुपारी आबा म्हणाले, "मंदा, माझं डोकं तर बराबर चालून राह्यलं. मंग त्या बाईचं काय झालं आसंल? मी म्हणतो, पाठकाला बोलवू. ते पुस्तक पहिल्यापासून वाचून घेऊ त्याच्याकडून. कुठं गफलत झाली ते तरी कळंल."

मी नुसती एक बाईच मनची घातली नव्हती, अर्धं पुस्तकही गाळलं होतं. सरांनी दोन दिवस वाचलं असतं की आबांना सगळं कळलं असतं. मी म्हटलं, बोलवू की आबा. आधी आजची गोष्ट तर होऊ द्या.

त्या दिवशीची गोष्ट एका कुंभाराच्या गाढवाची होती. कुंभार त्याला म्हातारं झालं म्हणून नदीपलीकडे सोडून येतो, आणि ते पोहत, भिजत, आपलं आपण घरी परत येतं. मी वाचली. आबांनी सांगितली. कुंभाराच्या बायकोचं बोलणंसुद्धा जसंच्या तसं. शेवटी हसून म्हणाले, "आन् गाढव दारात उभं. बराबर?"

मी विचार केला. हे महत्त्वाचं आहे — मी विचार केला. घाई नव्हती, कुणी बघत नव्हतं, घाबरून काही निसटलं नाही. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "न्हाई आबा. गाढव परत येत न्हाई. ते पलीकडंच ऱ्हातं."

ओठ हलवून आबांनी ती गोष्ट मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिली, मला दिसत होतं. मंग म्हणाले, "राहू दे. पाठकाला नको बोलावू." आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

त्यानंतर त्यांनी कधी वाच म्हटलं नाही. पुढच्या हिवाळ्यात गेले. शेवटी शेवटी पाणी मागतानाही विचारायचे, मी आत्ताच पेलो तर न्हाई ना?

मी आजही वाचते. भरपूर वाचते, इतिहाससुद्धा, तळटीपांसकट. यात काही प्रायश्चित्त वगैरे नाही, मला आवडतं म्हणून वाचते. तुमच्याकडून मला काही नको. धीर नको, क्षमा नको. ती द्यायचा हक्क एकाच माणसाचा होता.

गाढव परत आलं होतं. आबांनी सांगितलं ते सगळं बराबर होतं.