पठारावरचं ओके

माणसं एका जागी वर्षानुवर्षं एकच शब्द बोलत राहिली, की त्या शब्दालाही माणसासारख्या खोडी लागतात. आमचा शब्द होता ‘ओके’. त्याचा एक किस्सा सांगायला बसलो की दुसरा आपोआप आठवतो, आणि ऐकणारा चहा गार करून विचारतो, "खरं का हे?" मी म्हणतो, तुम्हीच ठरवा.

साताऱ्याकडच्या औंधच्या पुढं एका उघड्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथल्या कंट्रोल रूममध्ये मी वायरलेसवर बसतो. पठारावर सहा चौक्या. दर तासाला प्रत्येक चौकीवरचा गार्ड सेटवर सांगणार, ‘पॉइंट चार, ओके.’ मी वहीत लिहिणार. बस्स, एवढीच नोकरी!

* * *

आमचे सिक्युरिटी सुपरवायझर म्हणजे सुभेदार साहेब. रहिमतपूरकडचे, फौजेतून रिटायर झालेले. मिशा पांढऱ्या, पण पाठ अजून परेडवरची. पहिल्याच दिवशी एक गार्ड सेटवर ‘ठीक हाय’ म्हणाला. साहेबांनी माझ्या हातातला माईक काढून घेतला.

"ठीक न्हाई, ओके म्हनायचं! ओके म्हंजे काय ठावं हाय का? झिरो किल्ड! त्यो ओ न्हाई, शून्य हाय. आज आपला एकबी माणूस मेला न्हाई, असा त्येचा अर्थ. आमच्या उस्तादानं शिकवलंय."

त्यानंतर तो शब्द बोलताना जीभ जरा जड व्हायला लागली.

दुपारी डबे उघडले. पॉइंट चारचा गार्ड बापू माने शेजारी बसला होता. मी विचारलं, "वांगं कसं झालंय?"

"ओके," बापू म्हणाला.

साहेब घास हातात धरून थांबले. "का रं? वांग्यात कोन मरायचं हुतं?"

* * *

शीतल पाटील हा आमचा मेंटेनन्स इंजिनिअर. सांगलीकडचा जैन. तिकडं शीतल हे बाप्याचं नाव असतं, बाहेरच्यांनी हसू नये. याचा विश्वास फक्त मॅन्युअलवर. त्यानं फोनवर शोधून काढलं.

"साहेब, झिरो किल्ड ही मागनं रचलेली गोष्ट आहे. अमेरिकेतल्या पेपरवाल्यांना पूर्वी मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करायची खोड लागली होती. ‘ऑल करेक्ट’ हे ए आणि सी नं लिहायचं, तर यांनी लिहिलं ओ आणि के नं. नुसती चेष्टा! मग ते निवडणुकीच्या घोषणेत शिरलं. मग तारवाल्यांनी उचललं, कारण दोन अक्षरांत निरोप संपतो."

साहेब म्हणाले, "म्हंजे समदं बरोबर हाय म्हनून सांगायचं, आन् सांगतानाच चूक करायची?"

"तसंच."

साहेबांनी डब्याचं झाकण लावलं. "आसंल. मी बी दोनदा तसंच लिवलंय."

"काय लिहिलंय, साहेब?"

"रिपोर्ट. फौजेत. शून्य लिवलं, आन् शून्य नव्हतं."



* * *

बापूची आई, हौसाआक्का, वडूजला असते. तिला इंग्रजी शब्द येतो तो हा एकच, आणि तिच्या लेखी ओकेचा अर्थ ‘फोन ठेवते’. लेकाला, लेकीला, राँग नंबरलासुद्धा, ओके म्हटलं की ठेवला!

एका दुपारी ती उंबऱ्यात जोंधळे निवडत होती. फोन आत चार्जिंगला. एकाएकी ती म्हणाली, "व्हय... व्हय... आज? ओके."

सुनेनं विचारलं, "आत्ती, कुनाला बोलताय वो?"

"तुज्या मामंजीस्नी. चार वाजता येतो म्हनलं, आवरून बस."

मामंजी जाऊन बारा वर्षं झालेली! सुनेनं रडत रडत बापूला फोन केला. बापू गाडी उडवत घरी आला, तोवर म्हातारीनं अंघोळ करून, ट्रंकेत जपलेलं हिरवं लुगडं नेसून दारात बैठक मारलेली. सुनेनं अंगणात ताजा सडा घातला होता, तोही तिच्याच सांगण्यावरून.

चार वाजले. पाच वाजले. साडेपाचला म्हातारी तणतणत उठली. "ह्येंचं जल्मभर आसंच! येतो म्हनायचं आन् यायचं न्हाई!"

बापू हसला, डोळे पुसले, आणि अंगणात आला. सड्यावर अनवाणी पावलं उमटली होती. फाटकापासून उंबऱ्यापर्यंत. परत गेलेली नव्हती.

सून म्हणते, तुमचीच असतील. बापूच्या पायात बूट होते.

म्हातारी अजून ठणठणीत आहे. फक्त जेवताना शेजारचा पाट रिकामा ठेवायला लावते.

* * *

श्रावणात पठारावर धुकं असं बसतं, की खिडकीतून पुढचा टॉवरसुद्धा दिसत नाही. अशाच एका दिवशी बाराला, एकला, दोनला सेटवर आवाज आला, ‘पॉइंट चार, ओके.’ मी वहीत लिहिलं.

अडीचला बापू दारात उभा! पँट फाटलेली, कोपरातून रक्त गळतंय.

"आवं, अकरा वाजता गाडी घसरली घाटात. चालत आलो."

"अरं, मग पॉइंट चारवरनं बोलतंय कोण?"

"मला काय म्हाईत? माजा सेट त्यो काय."

त्यानं माझ्या पाठीमागं बोट दाखवलं. त्याचा सेट आदल्या दिवसापासून चार्जरला लावलेला होता. चौकीला बाहेरून कुलूप, आणि किल्ली बापूच्या खिशात.

शीतल म्हणाला, "सवयीचा कान. आवाज आलाच नाही. तुम्ही त्याची वाट बघत होता, म्हणून तो ऐकू आला."

मला पटलं. अगदी मनापासून पटलं! तेवढ्यात साहेब जीपमधून उतरले, हातात त्यांचा स्वतःचा सेट. दारातूनच म्हणाले, "आज बापूचा आवाज लय लांबनं येतुया रं. हिरीतनं बोलल्यावानी..."

मग त्यांना समोर बापू दिसला.

* * *

तपासणी झाली की शीतल टॉवरच्या दारावर खडूनं ओके लिहितो. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ, माणूस वर चढू शकतो.

एका सकाळी अकरा नंबरच्या दारावरचं ओके पुसलेलं. पाऊस नाही, दव नाही. त्यानं पुन्हा लिहिलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा पुसलेलं, चार बोटं ओढल्यासारखं. शीतल गार्डांवर भडकला. सगळ्यांनी शपथा घेतल्या. तिसऱ्या सकाळी तेच. "बघू तर, कुणाला एवढी खाज आहे," म्हणत तो आत शिरला आणि रागानं शिडी गदागदा हलवली.

वरच्या टप्प्याचं वेल्डिंग तुटलेलं होतं. शिडी कडेला लोंबकळत होती. दुपारी दोन फिटर वर जाणार होते.

शीतल बाहेर येऊन जमिनीवरच बसला. "मीच पास केली होती हो ती," एवढंच म्हणाला.

साहेब दारापाशी गेले, खडूचा फराटा बघितला. "ज्येला लिवता येत न्हाई, त्यो पुसून सांगतो."

शीतल आता कुठल्याही टॉवरचं दार उघडण्याआधी दोनदा वाजवतो. मॅन्युअलमध्ये नसलेली तेवढी एकच गोष्ट तो करतो!

* * *

आता शेवटचा. हा मी शक्यतो सांगत नाही.

बिरू धनगर जन्मापासून मुका. रोज सकाळी मेंढरं घेऊन माझ्या खिडकीसमोरून जायचा. अंगठा आणि बोट जुळवून ओकेची खूण करायला त्याला बापूनं शिकवलेलं. तो खूण करायचा, मी करायचो, झाला रामराम!

फाल्गुनातली सकाळ. लख्ख ऊन. बिरू एकटाच आला, मेंढरांशिवाय, आणि खिडकीच्या गजांना चिकटून उभा राहिला. मी खूण केली. त्यानं केली नाही. त्याचं तोंड उघडलं.

"ओके न्हाई," तो म्हणाला.

आवाज घोगरा, पण स्वच्छ. मी ताडकन उठलो आणि बापूला हाका मारत बाहेर पळालो. मुका बोलला, एवढंच डोक्यात. दारातून चार पावलं गेलो असेन, मागं कडकड झाली. पवनचक्कीच्या पात्याचा माणसाएवढा तुकडा पत्रा फोडून आत आला होता. खुर्चीचे पाय तेवढे शिल्लक होते.

संध्याकाळी साहेबांना घेऊन बिरूच्या पालावर गेलो. तो लोकर कातरत बसला होता. आम्हाला बघून हसला, बोटांची खूण केली. मी त्याचे पाय धरले, परत परत विचारलं. घशातून नेहमीसारखा नुसता वारा.

त्याची बायको चहा घेऊन आली. तिला मी सगळं सांगितलं. तिचा हात तिथंच थांबला.

"बोलले?"

"व्हय."

"काय म्हनले?"

"ओके न्हाई."

ती हळूच खाली बसली. कपबशी मातीत ठेवली.

"लगीन झाल्यापास्नं एकदाच बोलल्यात. आमची पयली लेक पाळण्यात निजली हुती तवा. ह्येच म्हनले, ह्येच दोन शबुद. बापू तवा हिकडं आलाबी नव्हता. आमाला कुनाला कायबी कळलं न्हाई वो, आन् लेक परत उठलीच न्हाई." तिनं पदर तोंडाला लावला, मग काढला. "दुसरा शबुद कळला हुता. त्यो पयला काय आसतो?"