उन्हात वाळवलेली पांढरी साडी

आमच्या सासूबाई, सिंधुबाई, यांची शिंक इंग्लंडमधल्या आमच्या रीडिंग गावात प्रसिद्ध आहे. ती एकटी येत नाही. पहिली आली की मागे दहा-बारा जणी असतातच. शेजारची सारा कुंपणापलीकडून "ब्लेस यू" म्हणायला लागते आणि चौथ्या शिंकेला नाद सोडते. एप्रिलमध्ये झाडांना पालवी फुटली की सासूबाईंच्या नाकाला जी धार लागते, ती थेट जुलैपर्यंत.

आम्ही हे हसण्यावारी नेत होतो, पण गेल्या वर्षी बुद्धजयंतीला घोटाळा झाला. हॉलमध्ये दीडशे माणसं पांढऱ्या कपड्यांत बसलेली. वंदना सांगायचा मान सासूबाईंचा. सासरे गेल्यापासून नऊ वर्षं त्याच सांगतात, आणि आवाज असा खणखणीत की माइक लागत नाही. त्रिसरणाच्या दुसऱ्या ओळीला पहिली शिंक आली. पंचशीलापर्यंत पोचेस्तोवर मागच्या रांगेतली पोरं शिंका मोजायला लागली होती.

यंदा मार्चमध्येच कमिटीचे सेक्रेटरी शशिकांतभाऊ चहाला आले आणि चाचरत म्हणाले, "सिंधुताई, धिस इयर तुम्ही आराम करा. आपण रेकॉर्डिंग लावू. साउंड सिस्टिम नवीन घेतलीय ना."

सासूबाईंनी त्यांना आणखी दोन चकल्या वाढल्या, हसून निरोप दिला आणि दार लागताच माझ्याकडे वळल्या. "ऋचा, मला हे नाक सरळ करून पाहिजे. मी जिवंत असताना मशीन वंदना म्हणणार?"

गोळी त्या घेत नाहीत. वीसेक वर्षांपूर्वी एकदा घेतली आणि भर कार्यक्रमात खुर्चीत घोरल्या. तो डाग त्यांच्या मनातून अजून गेलेला नाही. हल्ली झोप न आणणाऱ्या गोळ्या मिळतात, असं केमिस्टने दोनदा समजावलं. सासूबाईंचं उत्तर, "त्याचं काय जातंय सांगायला!" तेव्हा मी माझं घोडं पुढे दामटलं. मला डाएटचं खूळ आहे, लपवून काय उपयोग. शरीर आतून स्वच्छ केलं की ॲलर्जी पळते, असं एका व्हिडिओत पाहिलं होतं आणि मला ते मनापासून पटलं होतं. जयंतीपर्यंत एकवीस दिवस दूध, साखर, गहू बंद. सकाळी सेलरीचा रस, दोन्ही वेळा वाफवलेल्या भाज्या, रात्री हळदीचं पाणी आणि इथल्याच मधमाश्यांचा चमचाभर मध. आणि चहा नाही.

"आई, तू चहाशिवाय?" माझा नवरा प्रणय हसत सुटला. "टू डेज, मॅक्स!"

पण त्या हट्टाला पेटल्या. सेलरीचा रस एरंडेल प्यायल्यासारख्या प्यायच्या, पण ग्लास रिकामा करायच्या. आणि अकराव्या दिवशी शिंका थांबल्या! एक दिवस झाला, दोन झाले, आठवडा झाला. सासूबाईंनी वेम्बलीपासून मँचेस्टरपर्यंत सगळ्या मैत्रिणींना फोन करून सेलरी प्यायला लावली. मीही ऑफिसात भरपूर मिरवून घेतलं. बाहेर तो आठवडाभर पाऊस होता आणि कपडे घरातच स्टँडवर वाळत होते, ही गोष्ट आमच्या गावीही नव्हती.

जयंतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, लख्ख ऊन पडलं.

इथे सासूबाईंचा एक नियम सांगायला हवा. त्या अठ्ठावीस वर्षं एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत होत्या. ओल्या चादरी ड्रायरमध्ये कोंबायच्या, गरम चादरी काढायच्या, हेच दिवसभर. तिथेच त्यांनी ठरवलं की घरचं कापड मशीनमध्ये वाळणार नाही. "मशीनचं कापड निर्जीव. उन्हात वाळलं तरच ते धुतलेलं." माझा ड्रायर सात वर्षं गॅरेजमध्ये आहे, पण त्यांचा साधा रुमालही त्यात गेलेला नाही.

तर जयंतीची पांढरी साडी त्यांनी हाताने धुतली आणि बागेत दोरीवर पसरली, साराच्या बर्चच्या झाडाखाली. संध्याकाळी इस्त्रीला घेतली आणि सुरू. सतरा शिंका!

मी धावत रस काढून आणला. दोन ग्लास झाले, काडीचा उपयोग झाला नाही. लाल डोळ्यांनी त्या खुर्चीत बसल्या. "कर फोन शशिकांतला. म्हणावं, लाव तुझं रेकॉर्डिंग." मला रडूच आलं. माझ्या शब्दाखातर या बाईने वीस दिवस चहा सोडला होता.

नाक पुसता पुसता त्या साडीकडे बघत होत्या. एकदम उठल्या, काठावरून बोट फिरवलं, चष्म्यासमोर धरलं. बोटावर बारीक पिवळी भुकटी होती, फुलांच्या परागासारखी. त्यांनी खिडकीतून बर्चकडे पाहिलं, मग परत बोटाकडे.

"ऋचा, दोन अभ्रे आण. एक माझा आजचा दोरीवरचा, एक तुझा ड्रायरमधला. आणि माझे डोळे बांध."

दरवर्षी वंदना झाली की त्या पोरांना बजावतात, कुणी सांगितलं म्हणून मानू नका, पडताळून पाहा. आता पाळी त्यांच्यावर आली होती. डोळ्यांवर टॉवेल बांधून त्यांनी पहिला अभ्रा नाकाशी धरला, खोल श्वास घेतला. काही नाही. दुसरा धरला आणि स्वयंपाकघर दणाणलं. मी अदलाबदल करून तीनदा दिले. तिन्ही वेळा दोरीवरचाच सापडला. शेवटी आवाज ऐकून आलेला प्रणय आणि आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो.

साडी पुन्हा धुतली. ओली घडी छातीशी धरून त्या ड्रायरसमोर क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "लो हीटवर ठेव. हाय केलंस तर काठ आकसेल." आणि बटण स्वतःच दाबलं.

रविवारी सासूबाईंनी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वंदना सांगितली. एकही शिंक नाही. दीडशे जणांचं "साधु, साधु, साधु" छताला भिडलं. शशिकांतभाऊंनी रेकॉर्डिंगचा पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि वाकून हात जोडले. मग खीर आली. सासूबाईंनी दोन वाट्या खाल्ल्या आणि वर दुधाचा चहा घेतला. माझं डाएट तिथेच संपलं, आणि खरं सांगते, मला मुळीच वाईट वाटलं नाही.

परतताना गाडीत त्या साडीच्या काठावरून बोट फिरवत होत्या.

"ऋचा, लाँड्रीत मला रोज वाईट वाटायचं गं. आजारी माणसं, त्यांना उन्हातलं कापड द्यावं, आणि मी मशीनचं देते."

"मग आता?"

त्या सीटवर ताठ बसल्या. "आता काय! अठ्ठावीस वर्षं, एकाही उन्हाळ्यात माझ्या चादरींनी कुणाला शिंक आली नसेल."