रुक्मिणीचे चार दिवस

ऑक्टोबरची चौदा तारीख. ऊसतोडीची टोळी दुसऱ्या दिवशी निघणार होती, म्हणून मी गोळ्या, पट्ट्या, मिठाच्या पाण्याची पाकिटं पिशवीत भरत होते. सोनपेठकडच्या आमच्या गावात मी आशाताई आहे. हे काम दरवर्षीचं. समोर रुक्मिणीचा ओटा दिसत होता. तिथलं पोतं कधीच उचललंय, तरी दार लावताना मी आधी तिकडं बघते.

रुक्मिण दर महिन्याला त्या पोत्यावर चार दिवस बसायची, कावळा शिवला म्हणून. पाळी मात्र तिला येतच नव्हती. तीन मुलींनंतर तिला मूल नको होतं. सासूला नातू हवा होता, आणि नवरा आईच्या शब्दाबाहेर नव्हता. बाजाराचं निमित्त काढून ती माझ्याबरोबर दवाखान्यात यायची, तीन महिन्यांचं इंजेक्शन घ्यायची. त्याने पाळी थांबली. सासूला संशय नको, म्हणून हे बसणं.

"किती दिवस चालायचं गं हे?" मी विचारायची.

"चालू द्या की ताई. चार दिवस सासू भाकरी करून घालायलीय. असं सुख माहेरात बी न्हाई," ती हसायची. "अन् कावळ्याची झडती कोण घेतंय?"

गेल्या हंगामात टोळी लांब गेली, सासूही सोबत. इंजेक्शनची तारीख उसाच्या फडातच उलटली. मग एकदा तिचा फोन आला. "ताई, दिवस गेलेत. पण मी बसायलेय बाहेर, कुणाला कळलं न्हाई."

"सरकारी दवाखाना गाठ. आजच."

"मुकादम सोडत न्हाई. अन् नवऱ्याला काय सांगू?"

नंतर फोन लागला नाही.

पुढचं टोळी परतल्यावर कळलं. एका सकाळी तिला खरोखरच रक्त जायला लागलं. ती पाचटाच्या कोपीबाहेर पोत्यावर पडून होती. बायकांनी पाहिलं, पाणी लांबून सरकवलं आणि उसात गेल्या. संध्याकाळी तिची मुलगी जवळ गेली, तेव्हा अंग गार पडलं होतं.

"दर म्हैन्यावानीच बसली व्हती वो," सासू परत आल्यावर मला म्हणाली. एवढंच.

पंधरा तारखेला सकाळी मी पिशवी घेऊन ट्रॅक्टरपाशी गेले. त्या घरात आता नवी सून आहे. ट्रॉलीच्या आडोशाला पोतं टाकून ती एकटीच बसली होती.

"शिवू नका ताई, बाहेर हाय ती," सासू म्हणाली.

मी पोत्यावर तिच्याशेजारी बसले. तिचा हात हातात घेतला, गरम होता. मग उठून त्याच हाताने पिशवी सासूपुढे धरली.

"घ्या, मावशी."

ती पिशवीकडे बघत राहिली. तिने घेईपर्यंत मी हात खाली केला नाही.