वजनात कमी भरणारा पाइप

सुरतच्या गोडादऱ्यात माझं प्लास्टिक पाइपचं दुकान आहे. दुकानात एकच भाव चालतो. ओळखीचा, अनोळखी, नात्यातला, सगळ्यांना तोच. हा नियम मी सुरू केला तेव्हा बायको म्हणाली होती, "नातेवाईक कमी होतील." तसे ते फार कमी झाले नाहीत, पण जे टिकले ते दर खेपेला टोमणा मारल्याशिवाय बिल देत नाहीत.

मोठ्या बहिणीचं घर माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे. दाजींनी वर एक मजला चढवायला घेतला. बांधकाम उरकलं, भिंतींत पाइपसाठी झिऱ्या पाडून झाल्या आणि एका सकाळी ते दुकानात आले. दाजी लूम कारखान्यात कापड तपासतात. प्रत्येक तागा काट्यावर ठेवायचा, वजन कमी भरलं तर बाजूला काढायचा. वजन कमी म्हणजे सूत कमी, म्हणजे कुठेतरी कोणीतरी हात मारला. असा हिशेब करत त्यांची तीस वर्षं गेली.

माझी एक इंची नळी त्यांनी दोन्ही हातांवर घेतली आणि समोरच्या दुकानातून आणलेला हातभर तुकडा माझ्या काउंटरवर ठेवला.

"तुना हलका शे, भो," ते म्हणाले. घरात आम्ही अहिराणीच बोलतो, पण दाजी दुकानातही बोलतात. "एवढाच तुकडा तुझ्या पाइपाचा काप. करू वजन."

मी तेवढाच तुकडा कापला. जाडी दोन्हींची सारखी होती, मी कॅलिपर लावून दाखवली. काट्यावर त्यांचा तुकडा जड भरला.

"बघ. त्याचा भाव कमी, माल जास्त. तुझा भाव जास्त, माल कमी. मधला माल कुठे गेला, शालकबुवा?"

मी सांगितलं की त्या पाइपात प्लास्टिक कमी आणि चुनखडीची पावडर जास्त आहे. पावडर स्वस्त असते आणि प्लास्टिकपेक्षा जड. म्हणून तो पाइप वजनदार लागतो आणि स्वस्तही पडतो. मग मी दोन्ही तुकडे एकेक करून व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरून चेपले. माझा चपटा झाला, तुटला नाही. त्यांच्या तुकड्याला अर्ध्यातच तडा गेला आणि कड खळकन उडाली.

मला वाटलं, विषय संपला.

"भिंतीच्या आत तू हा व्हाइस लावणार आहेस का?" दाजी म्हणाले. "मग घरात पाइपाला कोण चेपतंय?"

मी हिशेबाकडे वळलो. त्यांना सत्तावीस नळ्या लागणार होत्या. एका नळीमागे पासष्ट रुपयांचा फरक, म्हणजे सतराशे पंचावन्न. बेसिनचा एक बरा नळ तेवढ्याला येतो, आणि नळ पुढे बदलता येतो, भिंतीतला पाइप नाही. हा हिशेब मी कागदावर मांडून दिला. दाजींनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "सतराशे पंचावन्न सोड ना मग. मेहुण्याचं दुकान आहे म्हणून लोकांना सांगतो मी."

मी सोडले नाहीत. दाजी रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेले. तिथल्या शेठचा आवाज माझ्यापर्यंत आला. "वजन जुओ, काका, वजन!" वजन बघा म्हणे.

गिऱ्हाईक गेल्याचं मला नवल नव्हतं, तशी रोज जातात. पण ताईच्या घराच्या भिंती एकदा बुजल्या की पुढची वीस वर्षं आत जे असेल तेच राहणार होतं. एवढंच डोक्यात फिरत राहिलं. संध्याकाळी मी ताईला फोन केला. "पाइप कुठलाही असू दे. प्लास्टरच्या आधी लाइनीत पाणी भरून दाब देऊन बघा. पंप मी आणतो. पैसे नकोत."

ताई साड्यांना लेस लावायचं काम घरी करते. रविवारी मी पंप घेऊन गेलो तेव्हा वरच्या मजल्यावर लाइन पूर्ण बसली होती. गवंडी झिऱ्या बुजवायला सिमेंटचा मसाला कालवायच्या तयारीत होता. ताई गुडघ्यावर साडी घेऊन दारात बसली होती. मी लाइनीची तोंडं बंद केली, पाणी भरलं आणि पंपावरच्या दाब-मीटरची सुई ठरलेल्या खुणेवर आणून सोडली.

"आता फुटतो बघ," दाजी गवंड्याला म्हणाले. "आमच्या शालकबुवांनी नारळ आणलाय फोडायला."

चहा झाला. दुपारचं जेवणही झालं. सुई होती तिथेच होती. मी सांधा न् सांधा कोरड्या फडक्याने पुसून पाहिला. फडकं कोरडंच राहिलं.

"लाइन पास आहे," मी म्हणालो.

दाजींनी टाळी वाजवली. "लिहून दे! दुकानात लाव पाटी!"

"आज पास आहे. सांधे चांगले बसलेत, प्लंबरचं काम चांगलं आहे. पाइप किती वर्षं टिकेल ते ही सुई सांगत नाही."

"मग हे पावडर पावडर काय होतं?" ताईने विचारलं. मी दुकानात सांगितलेलंच पुन्हा सांगितलं. तिने साडीची कड चिमटीत धरली. "म्हणजे खळ. हलक्या साडीला खळ देतात तसं. हातात घेतली की भरीव लागते, दोनदा धुतली की चिंधी."

दाजी हसले नाहीत. खळ दिलेलं कापड काट्यावर कसं भरतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. भिंतीपाशी जाऊन त्यांनी झिरीतल्या पाइपावर नख ओढलं, पावडर लागली का म्हणून बोटाकडे पाहिलं, पुन्हा ओढलं.

जेवणानंतर खाली वाळूपाशी गेलेल्या गवंड्याने आवाज दिला, "सेठ, मसाला बना दूँ क्या?"

"रुको," दाजी वरूनच म्हणाले. ते माझ्याकडे वळले. "तू सांग. दुकानदार म्हणून नको. बुजवू का?"

मी मनात हिशेब केला. उखडायला सांगितलं असतं तर माझे पाइप खपले असते, पण प्लंबरची मजुरी दुसऱ्यांदा, शिवाय चांगले बसलेले सांधे तोडायचे. भिंतीच्या आत ऊन नाही, धक्का नाही, टाकी छतावरच असल्यामुळे दाबही बेताचा.

"भिंतीतलं राहू द्या," मी म्हणालो. "छतावर टाकीची लाइन अजून टाकायची आहे ना? ती उघड्यावर राहणार. सुरतच्या उन्हात हा पाइप ठिसूळ होईल. तिथे हा लावू नका."

"किती नळ्या?"

"सहा."

"भाव?"

"तोच."

दाजींनी ताईकडे पाहिलं. "तुझा भाऊ आहे हा. सांग त्याला, सहा नळ्या उद्या पाठव," ते म्हणाले, आणि जिन्यातून खाली वाकून गवंड्याला हाक मारली, "बना दो!"

मी पंप सोडवला. लाइनीतलं पाणी बादलीत काढलं. गवंडी मसाल्याची पाटी घेऊन वर आला आणि बाथरूमच्या भिंतीपासून सुरुवात केली.