पूल आला, आई

लमूनची गाडी बाहेरून आखूड, आतून ऐसपैस. मागच्या सीटची बैठक उभी केली की रश्श्याची उंच पातेली न कलंडता मावत; पाठ आडवी पाडली की सपाट ओटाच. पण गाडी घेतली आईसाठी. गाडी बघायला गेल्या तेव्हा म्हातारी मागे बसली, दुखरे पाय लांब केले आणि म्हणाली, "हीच घे. हिच्यात शिरायला वाकावं लागत नाही."

आई उतरताना लमूनने दार उघडायचं, डोकं आपटू नये म्हणून चौकटीवर तळहात धरायचा. आतून दार उघडणं आईला कधी जमलं नाही. ती बसून राही.

इस्पितळात आई गेली, तेव्हा त्याच ओट्यावर, पांढऱ्या चादरीत तिला घरी आणलं. उशाशी लमूनचा धाकटा भाऊ सानित होता. त्यांच्याकडे वळण आलं, पूल आला की गेलेल्या माणसाला सांगायचं असतं, नाहीतर जीव तिथेच थांबतो. सानित सांगत होता.

दहन झालं. लमून पुन्हा बाजारात रस्सा-भात विकू लागली. दुपारी परतताना पातेली डिकीत, मागची सीट मोकळी. कालव्याच्या पुलावर गाडीतली पट्ट्याची घंटी टुणटुणू लागली: मागे कोणीतरी पट्टा न लावता बसलंय. पूल संपताच गप्प. दुसऱ्या दिवशीही तेच. मेकॅनिकने तारा तपासल्या, काही सापडलं नाही.

"विकून टाक, ताई," सानित जेवताना म्हणाला.

"का रे? तू तर हल्ली त्या पुलावरून येतच नाहीस. लांबून वळसा घालून येतोस."

त्याने ताटातला भात चिवडला. "पुलावर मला रडू आलं होतं. आईला तेवढा पूल सांगायचा राहिला."

लमूनचा हात पातेल्यावरच थांबला. ती म्हणाली, "म्हणजे ती तिथे उभी आहे, आणि तू गाडी विकायला निघालास."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सीट पुसली, आईला आवडे तशी मागे कलती केली. सानित पुढे बसला. पुलावर घंटी सुरू झाली.

"सांग."

"आई," त्याचा आवाज चिरकला, "पूल आला. चल आमच्याबरोबर. पूल ओलांडतोय आपण."

पूल संपला. घंटी थांबली नाही. देवळाच्या वळणावर त्याने वळणही सांगितलं. मागे वळून पाहायची छाती दोघांनाही झाली नाही.

"पट्टा लाव म्हणावं," तो पुटपुटला.

"जन्मात लावला नाही, आता लावतेय."

अंगणात इंजिन बंद केलं, किल्ली काढली. घंटी वाजतच होती. सानित उतरून मागे सरकत सरकत पायरीपर्यंत गेला.

लमूनने मागचं दार उघडलं आणि सवयीने चौकटीवर तळहात धरला.

"उतर, आई. घर आलं."

घंटी थांबली. तळहाताला खालून केसांचा ओझरता स्पर्श झाला, आणि माणूस उतरल्यावर उचलली जाते तशी गाडी त्या अंगाने हलकेच वर आली.