मास्तरांनी दिलेला शब्द

मास्तरांचा कोट मी जाळला. हेतू शुद्ध होता. सकाळी त्यांच्या शिलाईच्या दुकानात गेलो, तर ते दाढी करत होते. त्यांना मोठ्या सभेत बोलायचं होतं. म्हटलं, तेवढ्यात कोटावर इस्त्री फिरवावी. फिरवता फिरवता सभेत काय बोलावं हेही समजावू लागलो. माझी जीभ सुटली की हात थांबतात. इस्त्री कोटाच्या पाठीवरच थांबली.

मास्तर तोंडाला फेस घेऊन धावत आले. "भाऊ, तुम्ही मदत करू नका. नुसतं बसत जा."

शेवटी माझा कोट त्यांच्या अंगावर चढला. आरशात बघून म्हणाले, "यात अजून एक माणूस मावेल. अक्कालाही आत बसवून नेता येईल."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर राहते. या गल्लीतल्या बहुतेकांसारखी तीही शेजारच्या सूतगिरणीत राबली आणि कापसाची धूळ छातीत घेऊन घरी बसली. मास्तर तिथून लवकर सुटले, पण छातीतली शिट्टी बरोबर आली. ते दम लागून थांबले की गिऱ्हाईक म्हणतं, "मास्तर, गाडी सुटली का?"

काही वर्षांपूर्वी एक डॉक्टरबाई गल्लीत आल्या. एका कंपनीचं नवं औषध पंपातून श्वासाबरोबर ओढायचं होतं. ते लागू पडतं का, हे माणसांवर तपासायचं होतं. कोणी तयार होईना. अक्का तर म्हणाली, "आम्ही काय उंदीर आहोत?"

बाई मास्तरांकडे चहा प्यायल्या. म्हणाल्या, "काका, औषध पास झालं की पहिलं तुमच्या दवाखान्यात."

मास्तर विरघळले. मग छातीचं माप घ्यायला जो येईल त्याला ते पटवू लागले. छातीभोवती टेप आवळलेला माणूस पळून जाणार कुठे? अशी त्यांनी अख्खी गल्ली पटवली. अक्कालाही म्हणाले, "औषध आपल्या दवाखान्यात येणार, मी शब्द देतो."

औषध लागू पडलं. अक्का दोन मजले उतरून खाली येऊ लागली आणि दुकानात बसून मास्तरांच्या शिलाईला नावं ठेवू लागली. "ही बाही आहे की पायजमा?" मास्तर खूश. अक्का भांडते आहे म्हणजे श्वास पुरतो आहे.

मग तपासणी संपली. पंप परत नेले, अर्धे भरलेलेसुद्धा. औषध पास झालं आणि दूरच्या श्रीमंत देशांत विकायला गेलं. आमच्या दवाखान्यात त्याच जुन्या पांढऱ्या गोळ्या. अक्का पुन्हा खिडकीपाशी खाटेवर. आता मास्तर जेवण घेऊन वर जातात, तर ती मुकाट्यानं जेवते. एकदा तरी शिव्या घाल म्हणावं, तर तेवढा दम नाही.

सभा होती जगात सगळ्यांना सारखं आरोग्य मिळावं म्हणून. बाई व्यासपीठावर होत्या. त्यांनी मास्तरांची ओळख "आमचे काका" अशी करून दिली. मास्तर माझ्या कोटाच्या बाह्या सावरत उभे राहिले.

"माप आमच्या छातीचं घेतलंत आणि कोट भलत्याच्याच अंगावर घातलात. माझ्या धंद्यात असं केलं तर गिऱ्हाईक दुकान फोडतं. बाई, औषध कधी येणार तेवढं सांगा."

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मास्तर टाळ्या थांबायची वाट बघत राहिले. थांबल्या, तेव्हा त्यांच्या हातात पुष्पगुच्छ होता आणि पुढचा वक्ता बोलत होता.

चहाच्या वेळी त्यांनी बाईंना गाठलं. बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. "काका, ते कंपनी ठरवते. माझ्या हातात तेव्हाही काही नव्हतं."

"मग तेव्हा कशाला म्हणालात?"

"नसतं म्हटलं, तर तुमची माणसं आली असती का?"

बाई हे अगदी मायेनं बोलल्या. मास्तरांनी हात सोडवून घेतला. पुष्पगुच्छ तिथल्याच खुर्चीवर ठेवला.

बाहेर पायऱ्यांवर ते दम घ्यायला बसले. छातीतली शिट्टी रस्त्यापर्यंत ऐकू जात होती. मला राहवेना. म्हटलं, "अक्कांना सरळ सांगा, बाईंनी फसवलं म्हणून."

"अक्कानं पंप बाईंच्या शब्दावर नाही, माझ्या शब्दावर घेतला."